हिरवं भूत आणि आमचे जावईबापू

"पंचेंद्रियं सगळ्यांनाच असतात. मला सात आहेत. सहावं मी रोज वापरतो, सातवं अडीअडचणीला राखून ठेवतो. माझ्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही. सुटलीच, तर ती मी पाळत ठेवायला सोडलेली असते. माझं नाव ऐकताच गुन्हेगार शहर सोडून जातात, आणि म्हणूनच माझ्याकडे प्रकरणं कमी येतात."

हे शब्द माझे नाहीत, माझ्या जावयांचे आहेत. जाहिरातीसाठी त्यांनी ते मला उभ्या उभ्या सांगितले आणि मी लिहून घेतले. मी जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली. ऱ्हस्व-दीर्घ सुधारणं एवढंच माझ्या हातात होतं. बाकीचा मजकूर सुधारण्याचं वय निघून गेलं होतं, त्यांचं आणि माझंही.

जावयाला दशमग्रह म्हणतात. उरलेले नऊ निदान आकाशात असतात. आमचा दहावा माझ्या लेकीच्या लाँड्रीत, इस्त्रीच्या टेबलामागे, एका फिरत्या खुर्चीवर असे. खुर्चीच्या वर पाटी होती. रंगाऱ्यानं 'गु' आणि 'सु'मध्ये गल्लत केल्यामुळे तिच्यावर 'सुप्तहेर' असं आलं होतं. मी चूक दाखवली, तेव्हा जावईबापू म्हणाले, "राहू द्या मामा. शत्रू गाफील राहतो."

ते मला मामा म्हणतात. बनवतातही.

निवृत्तीनंतर मी लेकीकडे राहायला आलो, त्याच आठवड्यात तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाबा, तुम्ही यांच्याबरोबर जात जा. प्रकरण सुटलं नाही तरी चालेल, माणूस घरी परत आला पाहिजे." असा मी सहायक झालो.

तर त्या शनिवारी सकाळी थेटरमालक आले. गल्लीच्या टोकाला जुनं एकपडदा थेटर आहे, त्याचे हे मालक. रुमालानं कपाळ पुसत त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, आमचं भूत चोरीला गेलं!"

जावईबापूंनी ओठांवर बोट ठेवलं, डोळ्यांनी माझ्या लेकीकडे खूण केली आणि आम्हा दोघांना मागच्या खोलीत नेलं. तिथे भिजवलेल्या कपड्यांचा टब पायानं सरकवून त्यांनी मालकांना स्टुलावर बसवलं. "घरच्या माणसांनासुद्धा कळता कामा नये," ते कुजबुजले. "विशेषतः घरच्या माणसांना."

प्रकरण असं होतं. फार वर्षांपूर्वी उखळ आणि मुसळ नावाची विनोदी जोडी पडद्यावर धुमाकूळ घालत होती. एक बुटका आणि गोल, दुसरा उंच आणि सडसडीत. त्यांचा सगळ्यात गाजलेला चित्रपट 'भूत ओलं आहे'. दोघे रंगारी एका पछाडलेल्या बंगल्याला रंग द्यायला जातात, पांढऱ्या भुताला भिंत समजतात आणि त्याच्यावर हिरव्या रंगाचा डबा ओततात. तिथून पुढे भूतच या दोघांना घाबरून पळत सुटतं. मी तो पाहिला होता. पहिल्या अर्ध्या तासात बायकोनं घाबरून माझा हात धरला होता आणि नंतरच्या अर्ध्या तासात हसून हसून त्याच हाताला चिमटे काढले होते.

त्या भुताचा झगा, हिरव्या डागासकट, थेटरच्या दर्शनी दालनात काचेच्या कपाटात टांगलेला असे. भुताचं काम करणारा नट पुढे त्या भूमिकेत कायमचाच गेला. मागे झगा तेवढा राहिला.

"थेटर चालत नाही हो," मालक म्हणाले. "व्यापारी लोक गोदाम करायला मागताहेत. मी म्हटलं, शेवटचा प्रयत्न करू. रविवारी हा चित्रपट लावायचा आणि उखळ-मुसळ दोघांना स्टेजवर आणायचं. तिकिटं सगळी गेलीत. पण ते दोघं वीस वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत."

"मग आले कसे तयार?" मी विचारलं.

मालकांनी रुमाल तोंडावर धरला. "मी उखळला सांगितलं, मुसळ येणार नाही. मुसळला सांगितलं, उखळ येणार नाही. आणि दोघांनाही सांगितलं की झगा मी तुम्हालाच देणार."

"एकच झगा दोघांना!" जावईबापूंचे डोळे चमकले. "म्हणजे चोर तुमच्या शब्दातून जन्मला आहे!"

पडद्यापलीकडून लेकीनं विचारलं, "काय हरवलंय त्यांचं?"

"व्यावसायिक गुपित!" जावईबापू गरजले. मी गप्प बसलो. सहायकानंही गुपित पाळायचं असतं.

थेटरात कपाट जसंच्या तसं होतं, फक्त रिकामं. हँगर एका बाजूला कलला होता. जावईबापूंनी भिंग काढलं, ते लेकीच्या सुईत दोरा ओवायच्या डब्यातलं होतं.

"हँगर डावीकडे कललाय. चोर डावखुरा. कुलूप शाबूत. म्हणजे तो कुलूप न उघडता आत गेला. काच शाबूत. म्हणजे तो काच न फोडता आत गेला. मामा, यातून काय निष्पन्न होतं?"

"किल्ली," मी म्हणालो.

"नाही! चोर आरपार जाऊ शकतो!" मग त्यांचं त्यांनाच ते जरा जास्त वाटलं असावं, कारण ते माझ्या मागे येऊन उभे राहिले. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. आमच्याकडे ब्रह्मराक्षसाच्या आधी सासऱ्याचा नंबर लागतो.

थेटरच्या चहाच्या खिडकीवर एक बाई बसतात. चहा त्या देतात, झाडलोटही त्याच करतात, आणि दालनातल्या काचा पुसण्याचं कामही त्यांच्याचकडे. सगळे त्यांना चहावाल्या ताई म्हणतात. जावईबापूंनी त्यांची उलटतपासणी घेतली.

"शुक्रवारी तुम्ही इथे काही अमानवी पाहिलंत?"

"नाही बाई."

"भूत कुठे गेलं, माहीत आहे?"

"असं काही नसतं हो साहेब. मनाचे खेळ."

"कोणी संशयास्पद माणूस?"

ताईंनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आत्ताच आलाय," त्या म्हणाल्या आणि चहा गाळायला लागल्या.

"काही उपयोगाची नाही," बाहेर आल्यावर जावईबापू म्हणाले. "तिला यादीतून काढून टाका, मामा." मी काढून टाकलं. यादी आम्ही केलीच नव्हती, म्हणून वेळ लागला नाही.

मग आम्ही उखळकडे गेलो. चित्रपटांतली कामं सुटल्यावर त्यांनी गाद्यांचं दुकान काढलं होतं आणि वयाबरोबर ते त्यातल्याच एखाद्या मालासारखे दिसू लागले होते. जावईबापूंचा तर्क असा, की झगा एखाद्या गादीत शिवून लपवला असणार. त्यांनी गाद्या दाबून पाहिल्या, थोपटून पाहिल्या, शेवटी एका जाड गादीवर आडवे झाले. "मी इथून विचार करतो," म्हणाले आणि दोन मिनिटांत घोरू लागले. रंगाऱ्याची चूक नव्हती, असं त्या क्षणी मला वाटून गेलं.

उखळ त्यांच्याकडे कौतुकानं पाहत म्हणाले, "दुकानात अशी जाहिरात पाहिजे. रोज येतील का?"

मी भांडणाचा विषय काढला, तेव्हा मात्र त्यांचा गोल चेहरा लांबट झाला.

"भुतावर डबा ओतायचा, ही कल्पना माझी. पटकथेत नव्हतीच. आणि एका मुलाखतीत छापून आलं, 'ही मुसळची प्रतिभा.' मी त्याला म्हटलं, तू खुलासा कर. तो म्हणाला, खुलासा कसला, माझीच होती. झालं. सगळी मैत्री मुसळ केरात!" स्वतःच्याच कोटीवर ते हसले, आणि शेजारी टाळी द्यायला कोणी नाही हे लक्षात आल्यावर हात गादीवर ठेवला. थोड्या वेळानं म्हणाले, "गुडघ्याचं कसं आहे त्याच्या? नाही, मला काय करायचंय म्हणा."

जावईबापूंना हलवून उठवलं. "निर्दोष दिसतो," ते डोळे चोळत म्हणाले. "अगदी शांत झोप लागली."

"कोणाला?"

"म्हणूनच माझा संशय बळावलाय."

मुसळ मोटार शिकवायची शाळा चालवत होते. साडेसहा फुटी माणूस आणि काडेपेटीएवढी गाडी. आत बसले की गुडघे कानांशी गुजगोष्टी करत. त्यांना बोलतं करण्यासाठी जावईबापू शिकाऊ म्हणून चालकाच्या जागी बसले. मी मागे.

"क्लच," मुसळ म्हणाले.

"क्लच नव्हे, क्लू!" जावईबापू म्हणाले. "मला क्लू हवेत. शुक्रवारी तुम्ही कुठे होतात?"

"याच गाडीत. ब्रेक."

"कोणी साक्षीदार?"

"ब्रेक! ब्रेक!"

गाडी एका कचराकुंडीला वळसा घालून, दुसरीला नमस्कार करून पुढे गेली. मुसळच्या पायाशी वेगळा ब्रेक होता, म्हणून आज मी हे सांगतो आहे. वळणावर जावईबापूंनी हुकमाचं पान टाकलं. "खरं सांगायचं, तर आमचा मुख्य संशय उखळवर आहे."

करकचून ब्रेक लागला. माझा चष्मा पुढच्या सीटवर गेला.

"कोण, तो? तो चोरी करेल?" मुसळच्या आवाजानं रस्त्यावरची दोन माणसं थांबली. "नाटकातल्या खोट्या फुलदाणीला धक्का लागला तरी दोन दिवस जेवायचा नाही तो! त्याच्यावर आळ घ्यायचा असेल तर खाली उतरा. आत्ता. शिकवणी संपली."

आम्ही उतरलो. गाडी गेली, मग उलटी मागे आली. मुसळनं काच खाली केली. "पण हिरव्या रंगाची कल्पना माझीच होती," ते म्हणाले आणि गेले.

घरी जेवताना लेकीनं विचारलं, "काही लागलं का हाती?"

"सांगता येत नाही," जावईबापू म्हणाले.

"मलाही आज काय डाग लागला होता म्हणून सांगू! तीनदा भिजवलं, चार साबण झाले, ब्रशनं घासून हात दुखले—"

"अगं, इथे एका थेटराचा जीव टांगणीला लागलाय आणि तू डागांचं काय सांगतेस?" ते म्हणाले. भाजी त्यांना त्या दिवशी दुसऱ्यांदा वाढली गेली नाही.

रविवार उजाडला. जावईबापूंनी दुपारच्या खेळाआधी दोघा संशयितांना थेटरात बोलावलं होतं, अर्थात वेगवेगळं. "गुन्ह्याचा देखावा उभा करायचा. समोर भूत पाहिलं की चोराचं बिंग फुटतं." भुतासाठी पांढरा झगा हवा होता. त्यांनी लाँड्रीतल्या दांडीवरून एक लांबलचक, कडक इस्त्रीचा, दुधासारखा झगा ओढला आणि काखेत मारला.

"अहो! तो गिऱ्हाइकाचा आहे! आज द्यायचाय!" लेक ओरडली.

"न्यायासाठी!" म्हणत ते धावत सुटले. त्यांच्यामागे मी. न्यायाला मामा लागतोच.

थेटरात समारंभाची तयारी चालली होती. मालकांनी हौसेनं जिन्याच्या कठड्याला हिरवा रंग द्यायला घेतला होता. रंगारी जेवायला गेला होता आणि झाकण उघडलेला डबा पायरीवर होता. दालनाच्या एका दारातून उखळ आले, दुसऱ्यातून मुसळ. एकमेकांना पाहून दोघंही थबकले.

"हे येणार नव्हते!" उखळ मालकांना म्हणाले.

"यांना सांगा, मीही हेच विचारतोय," मुसळ मालकांना म्हणाले.

मालक खांबामागे गेले. तेवढ्यात "हूऽऽऽ!" असा आवाज करत कपाटामागून जावईबापू प्रकटले. आत्तापर्यंत त्यांच्या डोक्यात असलेलं भूत आता शब्दशः त्यांच्या अंगात आलं होतं.

कोणी घाबरलं नाही. उखळनं फक्त विचारलं, "गादी घ्यायची आहे का?"

"सज्जनहो," जावईबापू झग्यातून हात वर करत म्हणाले, "याच कपाटातून, अगदी असाच झगा चोरीला गेला. प्रथम मला वाटलं, भूतच आपला झगा घेऊन गेलं. पण भूत पायी जात नाही आणि थेटराबाहेर रिक्षावाल्यांनी कोणी सवारी पाहिली नाही. मग वाटलं, उखळ! पण उखळचा हात त्या हँगरपर्यंत पोचत नाही. मग वाटलं, मुसळ! पण ते वाकून आत जाऊ शकत नाहीत, गुडघे कानांना लागतात. म्हणजे? एक आत शिरला आणि एकानं वरून काढला! ही चोरी उखळ आणि मुसळ यांनी मिळून केली!"

"मिळून?" दोघं एकाच सुरात ओरडले. "आम्ही बोलत नाही!"

तेवढ्यात ट्रेमध्ये चहाचे कप घेऊन चहावाल्या ताई आल्या. थांबल्या. त्यांचा चेहरा उजळला.

"अगंबाई! आला वाटतं धुऊन! किती स्वच्छ निघालाय!"

उखळ आणि मुसळ, दोघांनीही माना वळवून झग्याकडे पाहिलं.

"काय धुऊन आलं?" मालकांनी खांबामागून विचारलं.

"झगा हो. शुक्रवारी काच पुसताना पाहिला, नुसता मळलेला, त्यावर हा एवढा डाग. म्हटलं, मोठी माणसं येणार, असा कसा ठेवायचा? किल्ली माझ्याकडेच असते. दिला लाँड्रीत."

"मग सांगितलं का नाही?" मालक किंचाळले.

"मला कोणी झग्याबद्दल विचारलं? तुम्ही म्हणत होतात, भूत गेलं. हे साहेब म्हणाले, भूत पाहिलंत का. मी खोटं कशाला बोलू?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. आमच्या जावईबापूंनी कळसा अंगात घालून वळसा घातला होता. ते हळूहळू खाली पाहत स्वतःच्या बाह्या निरखत होते.

त्याच वेळी धापा टाकत माझी लेक आत आली. "अहो, काढा तो आधी! ताई, माफ करा हं, हे घेऊन पळाले. पण डाग बघा, कुठे होता सांगता तरी येतो का?"

येत नव्हता. तोच तर घोटाळा होता. चोरी सुटली होती आणि चोरी होण्यासारखं काही उरलं नव्हतं. मालक जिन्याच्या कठड्यावर मटकन टेकले, आणि ओला रंग पँटला लागला तरी उठले नाहीत. "बाहेर लोक जमलेत," ते म्हणाले. "हिरवं भूत बघायला आलेत. हा तर डॉक्टरचा कोट वाटतोय."

माझ्या लेकीचा चेहरा पडला. तीन-तीनदा भिजवून, घासून तिनं काय केलं, हे तिला आत्ता कळत होतं. ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "बाबा, तुम्ही तरी सांगायचंत." सगळ्यात आधी चूक पकडायची ज्याची नोकरी होती, त्यानं टबाशेजारी उभं राहून सगळं ऐकलं होतं.

उखळ पुढे आले. त्यांनी झग्याची बाही दोन बोटांत धरली, सोडली. मग कोणाकडेच न बघता म्हणाले, "पुन्हा ओतायला हवा."

"उजव्या खांद्यावरून," मुसळ छताकडे बघत म्हणाले.

"यांना सांगा, डाव्या."

"यांना सांगा, मी ओतत होतो, मला माहीत आहे."

"तू कुठे ओतत होतास? डबा माझ्या हातात होता!"

"तुझ्या हातात? तुला शिडी चढता तरी येत होती का, जाड्या?"

"आणि तुला शिडीची गरज तरी होती का, काठ्या?"

दोघांनी एकदमच पायरीवरचा डबा धरला. जावईबापू म्हणाले, "थांबा, आधी मी झगा काढतो," पण ते कोणी ऐकलं नाही. डबा इकडे ओढला गेला, तिकडे ओढला गेला, वर गेला आणि मग उलटा झाला. हिरवा रंग जावईबापूंच्या डोक्यावरून खांद्यावर, खांद्यावरून पोटावर असा, घाई न करता, सावकाश उतरला. झग्यातून फक्त दोन डोळे पांढरे राहिले. ते मिटले, उघडले.

"हूऽ," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले.

सगळ्यात आधी माझी लेक हसली. मग ताई. पण उखळ-मुसळ हसत नव्हते. रिकामा डबा दोघांच्या हातात तसाच होता आणि ते एकमेकांकडे टक लावून बघत होते.

"अरे," उखळ म्हणाले.

"हो रे," मुसळ म्हणाले.

"त्या दिवशीही असंच झालं होतं. ब्रश कोणी धरायचा यावरून भांडत होतो आपण."

"आणि डबा सांडला. दिग्दर्शक म्हणाला, राहू दे, मस्त आहे."

"म्हणजे कल्पना कोणाचीच नव्हती."

"वीस वर्षं!" मुसळ म्हणाले, आणि त्यांनी तळहात पुढे केला. उखळनं दिलेली टाळी इतकी जोरात वाजली, की बाहेरच्या लोकांना वाटलं खेळ सुरू झाला आणि त्यांनी दार ढकललं.

नंतरचं सगळं घाईतच झालं. स्टेजवर तिघेही गेले. हिरवं भूत मध्ये, उंच एका बाजूला, गोल दुसऱ्या. दोघांनी तिथंच डाव्या-उजव्यावरून पुन्हा भांडण काढलं. लोक खुर्च्यांवर उभे राहून शिट्ट्या मारत होते. जावईबापूंनी माइक हातात घेऊन प्रकरण कसं सोडवलं ते सांगायला सुरुवात केली आणि प्रेक्षकांना तो चित्रपटातलाच प्रसंग वाटून त्यांनी आणखी जोरात हसायला घेतलं. लोक पुढच्या रविवारची तिकिटं मागू लागले तेव्हा मालक, मागे हिरवे झालेले, खिडकीकडे पळाले. झगा कोणी न्यायचा हा प्रश्न निघालाच नाही, कारण तो जावईबापूंना चिकटला होता.

चित्रपट लागला. उखळ-मुसळ पहिल्या रांगेत शेजारी बसले. मुसळचा प्रसंग येण्याआधीच उखळ हसू लागत आणि मुसळ त्यांना कोपरानं ढोसून म्हणत, "लोकांना आधी हसू दे ना!"

माझ्या एका बाजूला लेक होती. दुसऱ्या बाजूला दोन खुर्च्या सोडून, वर्तमानपत्रं अंथरून, जावईबापू. डबा ओतायचा प्रसंग आला तेव्हा ते पुढे वाकून गंभीरपणे म्हणाले, "मामा, नीट बघा. डाव्या खांद्यावरून."

"उजव्या," लेक म्हणाली. तेवढ्यावरून त्यांचं जुंपलं ते मध्यंतरापर्यंत.

खेळ सुटला तेव्हा ऊन उतरलं होतं. मुसळ म्हणाले, "चल, सोडतो तुला." उखळ त्या काडेपेटीत शिरायला लागले, एक बाजू आत गेली की दुसरी बाहेर येत होती. ताईंनी आणि माझ्या लेकीनं मिळून त्यांना आत ढकललं आणि दार लावलं. गाडी त्या बाजूला इतकी कलली, की मुसळचं डोकं आपोआप उखळच्या खांद्यावर टेकलं. मग ती सुरूच होईना.

"धक्का मारा हो!" आतून दोघं ओरडले.

जावईबापूंनी बाह्या सरसावल्या. त्यांनी आणि मी मागून जोर लावला. गाडी खोकली, हलली आणि आतल्या भांडणासकट निघाली. "डावीकडे घे!" "मला शिकवतोस?" "शिकाऊ पाटी तुझ्याच गाडीवर आहे!" एवढं ऐकू आलं. रस्त्यावरची माणसं मात्र त्या दोघांकडे बघत नव्हती. बाजूला होत होती, बोट दाखवत होती आणि एक बाई तर दारातून चक्क आत पळाली. गाडीच्या मागच्या काचेवर दोन मोठे हिरवे पंजे उमटले होते आणि त्यांच्यातून रंगाचे ओघळ हळूहळू खाली येत होते.